धायटीचा सीव्ही

सीव्हीवर तीन-तीन कंपन्या दिसल्या की एचआरवाले विचारतातच, 'का हो, एवढ्या उड्या?' मागच्या फेब्रुवारीत मलाही तोच प्रश्न पडला. फक्त सीव्ही एका झुडपाचा होता!

वीकेंडला शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढत होतो. फांद्यांवर लालभडक, नळीसारख्या फुलांचे झुबके. शहाद्याचाच असलेला माझा मित्र म्हणाला, ''धायटी रे! लहानपणी हिच्या फुलातला मध चोखायचो आम्ही.'' घरी येऊन शोधलं, तर मॅडमचं शास्त्रीय नाव निघालं वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. त्यामागे शेपूट: कंसात 'एल.', कंसाबाहेर 'कुर्झ'.

सगळी स्टोरी या शेपटीत आहे. 'एल.' म्हणजे लिनियस. त्यानं १७५९मध्ये हिला लिथ्रम फ्रुटिकोसम म्हटलं; फ्रुटिकोसम म्हणजे झुडुपी. नंतर रॉक्सबर्गनं तिला ग्रिस्लियात बसवलं. १८०६मध्ये सॉल्सबरीनं वुडफोर्डिया ही नवी प्रजातीच काढली. शेवटी १८७१मध्ये कुर्झनं नवी प्रजाती आणि लिनियसचं जुनं नाव यांची गाठ घातली. नियमच तसा आहे. प्रजाती बदलली तरी जातीचं सर्वांत जुनं नाव टिकतं आणि ते देणारा कंसात राहतो. म्हणजे कंपनी बदलली, पण सीनिऑरिटी शाबूत! वुडफोर्डिया लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून फ्रुटिकोसमचं फ्रुटिकोसा झालं, इतकंच.

कुळ म्हणाल तर मेंदीचं. एके काळी वेगळ्या कुळात असलेलं डाळिंबही आता तिथेच आलंय.

मित्राला हे सांगितलं तर तो उखडला. ''मग धायटीत काय वाईट होतं?''

वाईट काहीच नाही. पण हिलाच कुणी धावशी म्हणतं, वैद्य धातकी म्हणतात, हिंदीत ती धवई होते. आणि धावडा हे तर भलतंच झाड! आसव-अरिष्टं आंबवायला धायटीची फुलं लागतात. तिथे नावाचा घोळ म्हणजे औषधाचा घोळ. एकच पक्कं नाव हवंच.

मात्र त्याचंही खरं आहे. लॅटिन नावात एका इंग्रजाची आठवण आहे, तो मध नाही. आणि पिढ्यान् पिढ्या ही फुलं वेचणाऱ्या सातपुड्यातल्या आदिवासी घरांचा शेपटीत पत्ताच नाही.

''हे बघ,'' तो शेवटी म्हणाला, ''आमचा डोंगर आधी पश्चिम खानदेशात, मग धुळे जिल्ह्यात, १ जुलै १९९८पासून नंदुरबारमध्ये. फाइल दोनदा बदलली. तोरणमाळ तोरणमाळच राहिलं.''

पटलं, बॉस! म्हणून पुढच्या ट्रिपला मोबाइलमधलं अ‍ॅप जरूर काढा. पण त्याआधी वाटेत भेटणाऱ्या आजींना विचारा, ''आजी, तुमच्याकडे याला काय म्हणतात?'' ते नाव लिहून ठेवा. अ‍ॅप काय, पुढच्या ट्रिपलाही असेलच.