बुडणाऱ्यास हात

विद्यार्थिमित्रहो, शूर कोणास म्हणावें, असें विचारतांच आपल्या डोळ्यांपुढें शत्रूचें जहाज बुडविणारा वीर उभा राहतो. तो शूर खराच. परंतु प्रहार करतांना शौर्याची जेवढी परीक्षा होते, त्याहून अधिक ती प्रहार सोसल्यावर होते, असें माझें मत आहे. त्यास आधार म्हणून भारतीय नौदलाचे मोहन नारायण राव सामंत यांचें उदाहरण पुढें ठेवितों.

१९६९ मध्यें ‘करंज’ ही पाणबुडी नौदलांत आली, तिचे पहिले अधिपति सामंत. १९७१ च्या डिसेंबरांत युद्ध पेटलें तेव्हां पूर्व पाकिस्तानांत, म्हणजे आजच्या बांगलादेशांत, एका लहानशा नौकापथकाचें नेतृत्व त्यांजकडे आलें. मुक्तिवाहिनीच्या ‘पद्मा’ व ‘पलाश’ आणि आपल्या नौदलाची ‘पनवेल’ या बोटी त्यांत होत्या. अपरिचित व धोक्याच्या जलमार्गानें जाऊन त्यांनीं मोंगला बंदरांत शत्रूस अवचित गांठलें आणि मग ते खुलन्याकडे वळले.

१० डिसेंबर रोजीं तेथें घात झाला. आकाशांत आलेलीं विमानें आपल्याच वायुदलाचीं होतीं. या बोटी शत्रूच्या समजून त्यांनीं मारा केला. ‘पद्मा’ व ‘पलाश’ बुडाल्या. ‘पलाश’च्या यंत्रखान्यांतील रुहुल अमीन त्याच दिवशीं कामास आले, बांगलादेशानें पुढें त्यांस ‘बीरश्रेष्ठ’ हा सर्वोच्च मान दिला.

पाण्यांत माणसें, काठावर शत्रू! सामंतांनीं त्या माऱ्यांतच पाण्यांतील लोकांस वर घेण्याची आज्ञा दिली आणि पुष्कळांस वांचविलें. त्यांस व ‘पनवेल’चे अधिपति नोऱ्होना यांस महावीरचक्र मिळालें. सामंत २०१९ मध्यें निवर्तले.

कोणी म्हणेल, सेनापतीनें आधीं उरलेल्या बोटी सांभाळाव्या. दयेची ही वेळ नव्हे. आक्षेप पोकळ नाहीं. पण पडल्यास आपणांस टाकून जातील, अशी शंका ज्यांच्या मनांत आहे, ते शिपाई अशा नदींत पाऊल तरी घालतील काय? शिवाय, चूक कोणाची, हा हिशेब मागाहून करतां येतो. बुडणारा मात्र थांबत नाहीं.

आष्टीहून समुद्र फार दूर आहे. पण ऊसतोडीच्या हंगामांत आईबापांबरोबर जाऊन अभ्यासांत मागें पडलेला सोबती आपल्या बाकावरच असतो. त्याच्या मागें पडण्याचा दोष कोणाचा, हा वाद वडील मंडळींनीं खुशाल करावा. तुम्ही त्यास आपली वही द्या, चार दिवस शेजारीं बसवून गणित समजावून सांगा. आणि पालकहो, मुलाचा कितवा क्रमांक आला हें विचारतांना, यंदा त्यानें कोणास हात दिला, हेंही एकदां विचारा.