एकाच कंपनीत २१ वर्षं!

आपल्या ऑफिसात दर महिन्याला एक केक कापला जातो. वाढदिवसाचा असेल तर क्रीमचा आणि कुणाच्या 'लास्ट डे'चा असेल तर चॉकलेटचा. या दुसऱ्या केकची फ्रीक्वेन्सी जरा जास्तच असते. कुणी तीस टक्के हाइकवर जातो, कुणी नव्या मॅनेजरला वैतागून, तर कुणी नुसतंच 'आता इथं शिकण्यासारखं काही राहिलं नाही बॉस' म्हणत. तीन वर्षं एकाच जागी काढलेल्या माणसाकडे आपण जुन्या वाड्याकडे बघावं तसं बघतो. थोडा आदर, थोडी कीव.

अशा वातावरणात आज एका अशा माणसाची गोष्ट सांगायचीय, जो तब्बल २१ वर्षं एकाच कंपनीत चिकटून होता. तेही सरकारी खात्यात नाही, बँकेतही नाही. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या त्या चकचकीत बास्केटबॉल लीगमध्ये, जिथं खेळाडू पत्त्यांसारखे पिसले जातात. नाव, डर्क नोवित्स्की. कंपनी, डॅलस मॅव्हरिक्स. एकाच टीमकडून २१ सीझन खेळण्याचा हा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. कोबी ब्रायंटसुद्धा लेकर्सकडे वीसच सीझन खेळला.

तर प्रश्न असा, की हा माणूस भोळा होता की महाबिलंदर?

डर्कचा जन्म १९ जून १९७८ चा, जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग गावातला. आई बास्केटबॉल खेळायची, वडील हँडबॉल. मुलगा आधी टेनिस आणि हँडबॉलच्या नादाला लागला होता, पण उंची थांबायचं नाव घेईना. शेवटी सात फुटांवर जाऊन थांबली. शाळकरी वयात होल्गर गेश्विंडनर नावाच्या एका अवलिया गृहस्थांच्या नजरेत तो भरला. हे गृहस्थ १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीकडून खेळलेले, आणि शिक्षण गणित-भौतिकशास्त्राचं. त्यांनी आपल्या ट्रेनिंगच्या उद्योगाला नाव काय दिलं होतं माहितेय? मराठीत सांगायचं तर 'उपयोजित वात्रटपणाची संस्था'! आपल्या एचआरनं यातून जरा शिकावं.

वात्रटपणा नावापुरताच होता. डर्कची उंची, हातांची लांबी, बास्केटची उंची असं सगळं कागदावर मांडून गेश्विंडनरनी चेंडू कोणत्या कोनात सोडला तर चुकीला सगळ्यात जास्त जागा राहते याचं गणित केलं. त्याला फेन्सिंग करायला लावलं, बोट वल्हवायला लावली, सॅक्सोफोनच्या तालावर पावलं टाकायला लावली. त्या काळी सात फुटी माणसाचं काम ठरलेलं असायचं. बास्केटखाली उभं राहायचं आणि धक्काबुक्की करायची. हा पठ्ठ्या मात्र लांबून शूट करायला शिकला.

१९९८ मध्ये अमेरिकेत जगभरातल्या ज्युनियर खेळाडूंची एक मॅच झाली. तिथं १९ वर्षांच्या डर्कनं ३३ पॉइंट्स ठोकले आणि सगळे स्काउट खुर्चीत सरसावून बसले. त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये मिलवॉकीनं त्याला नवव्या नंबरवर उचललं आणि लगेच डॅलसला देऊन टाकलं. म्हणजे कॅम्पस इंटरव्ह्यू एका कंपनीचा आणि जॉइनिंग लेटर दुसऱ्या कंपनीचं.

आणि जॉइनिंगनंतर काय? तर आपल्यापैकी बहुतेकांचं होतं तेच. बोंब. पहिल्या सीझनची सरासरी ८.२ पॉइंट्स. भाषा तोडकीमोडकी, समोरचे गडी दांडगे आणि डिफेन्स तर आनंदीआनंदच. डिफेन्समधला 'डी' याच्याकडे नाहीच, म्हणून लोक त्याला डर्कऐवजी नुसतं 'इर्क' म्हणायला लागले. सामान बांधून जर्मनीला परत जावं असं त्याच्या मनात बरेचदा येऊन गेलं. सोबतीला होता त्याच उन्हाळ्यात फिनिक्सहून आलेला स्टीव्ह नॅश. त्यालाही घरच्याच मैदानावर शिट्ट्या आणि टोमणे मिळत होते. परगावी नोकरीला आलेल्या दोन बॅचलर पोरांचं जमतं तसं या दोघांचं जमलं. रात्री रिकाम्या जिममध्ये जायचं आणि शॉट मारत बसायचं. हळूहळू दोघंही स्टार झाले.

२००० मध्ये टीमला नवा मालक मिळाला, मार्क क्युबन. इंटरनेटमधून पैसा कमावलेला, जीन्स-टीशर्ट घालून बेंचमागे आरडाओरडा करणारा. टीम वर चढायला लागली. पण २००४ मध्ये नॅशचा करार संपला. वय ३०, पाठीचं दुखणं, म्हणून क्युबननं हिशेब केला आणि फिनिक्सनं दिलेली ऑफर मॅच केली नाही. नॅश गेला, आणि पुढची लागोपाठ दोन वर्षं, २००५ आणि २००६ मध्ये, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. शेजारच्या क्युबिकलमधला जिवलग मित्र जातो आणि तिकडे जाऊन 'एम्प्लॉयी ऑफ द इयर' होतो, तेव्हा आतून काय होतं हे ज्याचं झालंय त्यालाच ठाऊक.

इथंच आपण सगळ्यांनी रिझ्युमे अपडेट केला असता. डर्क थांबला.

थांबल्याचं बक्षीस लगेच मिळतं असं सिनेमात असतं. इथं उलटं झालं. २००६ च्या फायनलमध्ये डॅलस मायामीविरुद्ध २-० ने पुढे होतं. तिसऱ्या मॅचमध्येही शेवटच्या क्वार्टरला १३ पॉइंट्सची आघाडी होती. ती विरघळली. शेवटचे ३.४ सेकंद उरले असताना बरोबरी करून देणारा फ्री थ्रो डर्कच्या हातून हुकला. मॅच गेली आणि लागोपाठ चार मॅच हरून फायनलही गेली.

पुढच्या वर्षी तर कहरच. डॅलसनं ८२ पैकी ६७ मॅच जिंकल्या, टीम नंबर वन. आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत आठव्या नंबरच्या गोल्डन स्टेटनं त्यांना घरी पाठवलं. शेवटच्या मॅचनंतर डर्कनं कॉरिडॉरमध्ये कचऱ्याचा डबा भिंतीवर असा भिरकावला की वर भोक पडलं. त्यानंतर काही दिवसांनी त्याला त्या सीझनचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून ट्रॉफी मिळाली. हा मान मिळवणारा पहिला युरोपियन. विचार करा, प्रोजेक्ट बुडालंय, क्लायंट गेलाय, आणि तुम्हाला सूट घालून स्टेजवर 'बेस्ट परफॉर्मर'चं अवॉर्ड घ्यायचंय. हसू तरी कसं आणायचं? ते सगळं उरकून तो गेश्विंडनरना घेऊन ऑस्ट्रेलियाला निघून गेला. पाठीवर सॅक आणि वाढलेली दाढी.

'हा सॉफ्ट आहे, याच्याच्यानं होणार नाही' हा शिक्का मग चार वर्षं कपाळावर राहिला.

२०१० चा उन्हाळा आठवा. लेब्रॉन जेम्सनं टीव्हीवर तासभराचा कार्यक्रम करून क्लीव्हलँड सोडल्याचं जाहीर केलं. तो आणि क्रिस बॉश मायामीला ड्वेन वेडच्या जोडीला गेले. डर्कचाही करार त्याच उन्हाळ्यात मोकळा झाला होता. त्यानं काहीही गाजावाजा न करता डॅलसशी पुन्हा चार वर्षांचा करार केला, तोही मिळू शकणाऱ्या रकमेपेक्षा सुमारे दीड कोटी डॉलर कमी घेऊन.

आणि २०११ च्या फायनलमध्ये समोर कोण? तीच मायामी. पहिल्याच मॅचमध्ये डर्कच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा टेंडन फाटला. दुसऱ्या मॅचमध्ये डॅलस १५ नं मागे होतं, तिथून त्यांनी मुसंडी मारली आणि विजयी बास्केट डर्कनं त्याच पट्टी बांधलेल्या डाव्या हातानं केली. चौथी मॅच तो १०१ ताप घेऊन खेळला. सहाव्या मॅचच्या पहिल्या हाफमध्ये १२ पैकी फक्त एक शॉट आत गेला. पण तोवर जेसन टेरीनं टीम खांद्यावर घेतली होती, आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये डर्कचेही शॉट पडायला लागले. १२ जून २०११, डॅलस चॅम्पियन. घड्याळ शून्यावर येतंय तोच हा सात फुटी माणूस टेबलावरून उडी मारून थेट लॉकर रूममध्ये पळाला. रडायला. ट्रॉफी घ्यायला त्याला समजावून बाहेर आणावं लागलं.

इथं गोष्ट संपवली असती तर कॉर्पोरेट पोस्टर छान झालं असतं. सूर्यास्ताचा फोटो आणि खाली लिहिलेलं, निष्ठेचं फळ गोड असतं! पण मंडळी, पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे, कारण तिथं बिल येतं.

चॅम्पियन टीम मालकानं पुढच्याच वर्षी मोडली. भविष्यासाठी पैसे मोकळे ठेवायचे म्हणून टायसन चँडलरसारखा मोहरा जाऊ दिला. ते 'भविष्य' काही आलं नाही. २०११ नंतर डर्कच्या उरलेल्या आठ सीझनमध्ये डॅलसनं प्लेऑफची एकही फेरी जिंकली नाही. एकही! २०१४ मध्ये लेकर्स आणि ह्यूस्टननं त्याच्यासमोर जास्तीत जास्त रकमेच्या, सुमारे ९.७ कोटी डॉलरच्या ऑफर ठेवल्या होत्या. त्यानं डॅलसकडून तीन वर्षांचे सुमारे अडीच कोटी घेतले. २०१७ मध्ये त्यानं ३० हजार पॉइंट्सचा टप्पा गाठला, तो गाठणारा फक्त सहावा खेळाडू. पण शेवटची दोन वर्षं घोट्यानं साथ सोडली होती. आधीच थांबलो असतो तर आज मुलांसोबत फुटबॉल खेळता आला असता, असं निवृत्तीनंतर तो स्वतःच बोलून गेलाय. २०१९ मध्ये तो थांबला तेव्हा खात्यात ३१,५६० पॉइंट्स होते.

कंपनीनंही परतफेड केली, नाही असं नाही. २०२२ मध्ये ४१ नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली, त्याच वर्षी नाताळच्या दिवशी स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. एका पायावर मागे झुकून चेंडू सोडणारा, त्याच्या त्या फेमस शॉटच्या पोझमध्ये. खाली निष्ठेवरचं वाक्यही कोरलंय.

आता याच पुतळ्यापाशी २०२५ च्या फेब्रुवारीत काय झालं ते ऐका. डर्कचा वारसदार म्हणून डॅलसनं लुका डॉन्चिचला वाढवलं होतं. २०२४ मध्ये त्यानं टीमला फायनलपर्यंत नेलं होतं. वय अवघं २५. आणि एका रात्री अचानक बातमी आली, लुकाला लेकर्सला देऊन टाकलं. त्याला स्वतःलाही पत्ता नव्हता. टीमची बहुतांश मालकी क्युबननं डिसेंबर २०२३ मध्येच विकली होती. नव्या मॅनेजमेंटचे हिशेब नवे. चिडलेले फॅन्स खोटी शवपेटी घेऊन जमले ते नेमके डर्कच्या पुतळ्याजवळ. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो ट्रेड करणाऱ्या जनरल मॅनेजरलाही नारळ मिळाला, पण गेलेला लुका काही परत आला नाही.

आणि डर्कनं काय केलं? लुकाची लेकर्सकडून पहिली मॅच होती, तेव्हा तो लॉस एंजेलिसला जाऊन प्रेक्षकांत बसला.

ही एक गोष्ट मला त्या पुतळ्याखालच्या वाक्यापेक्षा जास्त बोलकी वाटते. कंपनी त्याची लाडकी होतीच. पण कंपनी आणि एक पंचवीस वर्षांचा दुखावलेला पोरगा यांत निवड करायची वेळ आली, तेव्हा तो पोराकडे गेला. कारण कंपनी म्हणजे नेमकं काय असतं हो? लोगो तोच राहतो. मालक बदलतात, मजला बदलतो, धोरणं बदलतात. ज्या माणसानं तुम्हाला शब्द दिलेला असतो, तो एक दिवस आपले शेअर्स विकून निघून जातो.

मग राहायचं की जायचं? याचं सरसकट उत्तर नाही, आणि ज्याच्याकडे असेल त्याच्यापासून चार हात लांब राहा. शिवाय डर्कनं सोडलेल्या पैशांशी आपली तुलना करू नका. त्याचं पोट आधीच भरलेलं होतं, आपला होम लोनचा हप्ता पाच तारखेला जातो. तीस टक्के हाइक मिळत असेल तर ती घेण्यात लाजण्यासारखं काहीही नाही. नॅशही गेलाच की, आणि त्याचं भलंच झालं. दोघांची दोस्ती काही तुटली नाही.

पण डर्कच्या थांबण्यामागे दोन गोष्टी होत्या, त्या बघून ठेवा. एक, त्याचा गुरू कंपनीच्या पे-रोलवर नव्हता. दर उन्हाळ्यात तो जर्मनीत परत जायचा आणि राटेल्सडोर्फच्या छोट्याशा जिममध्ये म्हाताऱ्या गेश्विंडनरसमोर पुन्हा पहिलीपासून सुरुवात करायचा. तू बरा खेळतोस की वाईट, हे त्याला सांगणारा माणूस अप्रेजलच्या फॉर्मबाहेरचा होता. दोन, तो शॉट त्याचा स्वतःचा होता. डॅलसनं दिलेला नव्हता, डॅलसला काढूनही घेता आला नसता. म्हणजे तो कधीही दार उघडून जाऊ शकत होता. आणि ज्याला जाता येतं, त्याच्याच राहण्याला किंमत असते. ज्याला दुसरीकडे कुणी घेणारच नाही म्हणून तो बसून आहे, त्याला निष्ठा म्हणत नाहीत राव, त्याला अडकणं म्हणतात.

तेव्हा पुढचा चॉकलेट केक कापला जाईल, तेव्हा जाणाऱ्याला मनापासून शुभेच्छा द्या. मग आपल्या जागेवर येऊन स्वतःला एकच प्रश्न विचारा. उद्या ही मॅनेजमेंट बदलली, तर माझ्या हातात माझा असा कोणता शॉट आहे?

उत्तर पटकन आलं तर निवांत राहा, आणखी दहा वर्षं राहा. नाही आलं, तर रिझ्युमे नंतर अपडेट करा. आधी रिकामं जिम शोधा.