ख्रिस्तवासी म्हणजे नेमके कुठले वासी?

वर्तमानपत्रातलं निधनवार्तांचं पान मी नेमानं वाचतो. (वयाचा परिणाम, दुसरं काय!) आपल्याकडे माणूस नुसता मेला असं सहसा कोणी लिहीत नाही. तो कुठला तरी रहिवासी होतो. कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी... आणि ख्रिस्तवासी. शब्द इतका सरावाचा झालाय, की हा मुक्काम नेमका कुठला हे कोणी विचारत नाही. मी ख्रिस्ती नाही. पण नंदुरबार-नवापूर भागात आयुष्य गेलं, शेजारी आणि सहकारी ख्रिस्ती होते, त्यामुळे बऱ्याच दफनविधींना उभा राहिलोय, मूठमाती दिलीय. तिथे कानावर पडलेलं आणि नंतर घरी बसून वाचलेलं ताडून पाहिलं, तर मला वाटतं की या धर्माची मरणाबद्दलची मूळ कल्पना पुष्कळांना ठाऊकच नाही. ख्रिस्ती माणसांनाही.

दफनाच्या वेळी बहुतेकदा काय बोललं जातं? शरीर म्हणजे जुना कपडा, आत्मा अमर, तो देवाघरी गेला. ऐकायला बरं वाटतं. पण हे आपल्याकडचं तत्त्वज्ञान झालं, किंवा फार तर ग्रीकांचं. ख्रिस्ती उपासनेत जो मतांगीकार म्हटला जातो त्यात अमर आत्म्याचा उल्लेख नाही. त्यात आहे शरीराचं पुनरुत्थान. म्हणजे माणूस मरतो तो खरोखर मरतो, आणि देव त्याला पुन्हा उठवतो. आशा आहे ती देवाच्या शब्दावर, आपल्यातल्या न मरणाऱ्या एखाद्या तुकड्यावर नाही. इंग्रजीतला ‘सिमेटरी’ हा शब्द मुळात ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ झोपायची जागा. मराठी ख्रिस्ती लोक ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाले’ म्हणतात ते याच अर्थानं. झोपलेल्याला कोणीतरी उठवायचं असतं, एवढंच त्यात गृहीत आहे.

मराठी मनाला हे अगदीच परकं नाही. तुकोबा वैकुंठाला गेले ते ‘सदेह’, असं आपली परंपरा आग्रहानं सांगते. तो एक शब्द काढला तर तिला चैन पडत नाही! देहासकट माणूस हवा असतो आपल्याला. आईचा आत्मा कुठेतरी आहे हे कळून पोट भरत नाही, तिचे भाकरी थापणारे हात आठवतात.

पौलानं साधारण इसवी सन ५५च्या सुमारास करिंथ गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात यासाठी बियाण्याचा दाखला दिला. पेरलेला दाणा मातीत नाहीसा होतो आणि वर येतं ते त्याहून निराळं, तरी त्याच दाण्याचं. कोरडवाहू शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पाऊस येईल या भरवशावर घरातली शेवटची ज्वारी जमिनीत टाकणं काय असतं ते त्याला ठाऊक असतं. भरवसा म्हणजे हमी नव्हे, हेही ठाऊक असतं.

आता यातून एक गोष्ट निघते आणि माझ्या दृष्टीनं तीच महत्त्वाची. देह जर पुन्हा उठणार असेल, तर देह क्षुल्लक नाही. आणि मरण हा मित्र नाही, मुक्ती नाही, पौलाच्या हिशेबी तो शेवटचा शत्रू आहे. मित्राच्या थडग्यापाशी येशू रडला, अशी गोष्ट शुभवर्तमानात आहे. थोड्याच वेळात लाजरसला उठवायचंय हे माहीत असूनही रडला! म्हणजे रडणाऱ्याला ‘रडू नकोस, विश्वास कमी पडतोय’ असं सांगणाऱ्यांना या गोष्टीत काही आधार नाही.

आमच्या जिल्ह्यात याचा फार व्यवहारी अर्थ होतो. १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा; २०११च्या जनगणनेनुसार इथली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी. सातपुड्याच्या पाड्यांवर एखादं पोर तापानं गेलं की ‘कशानं गेलं’ याऐवजी अजूनही कधी कधी ‘कोणी खाल्लं’ असं विचारलं जातं. मग बोट एखाद्या एकट्या, म्हाताऱ्या बाईकडे वळतं... डाकीण. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते या भागात काम करत आले आहेत. पण कायदा गुन्हा झाल्यावर पोचतो. मरण सगळ्यांच्या वाट्याला आलेलं आहे, ते शेजारणीनं केलेलं नाही, एवढं ज्या घरात मनापासून पटलं तिथे एक म्हातारी वाचली. तिथे हे ख्रिस्ती शिकवणुकीनं पटलं की शाळेतल्या विज्ञानानं, याच्याशी मला कर्तव्य नाही. पण मरणाबद्दल आपण काय मानतो यावर जिवंत माणसाचं काय होणार हे ठरतं, ते असं.

याच कसोटीवर मला चंगाईच्या नावाखाली चालणारे काही प्रकार अजिबात मान्य नाहीत. प्रार्थना जरूर करा. पण औषध बंद करा म्हणणं, किंवा बरं न झालेल्याच्या माथी अविश्वासाचं पाप मारणं, म्हणजे डाकिणीचाच खेळ पुन्हा मांडणं. तिथे दोष शेजारणीचा, इथे रोग्याचा. पुनरुत्थानावर विश्वास असलेल्या माणसाला मरणाची इतकी लाज का वाटावी?

उलट उदाहरणही जिल्ह्यातच आहे. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला १९४२ पासून मिशनचा दवाखाना आहे. साप चावलेले, बाळंतपणात अडलेल्या, आणि जे आता बरे होणार नाहीत असे, सगळे तिथे जातात. बऱ्या न होणाऱ्यांच्या वेदना कमी करणं हेही तिथे काम मानलं जातं. या शुश्रूषेचं आधुनिक रूप ज्यांनी घडवलं त्या सिसिली साँडर्स श्रद्धाळू ख्रिस्ती डॉक्टर होत्या. त्यांनी लंडनला १९६७मध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस, मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन, १९८६चं. मॉर्फिन मिळवणं मात्र आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं मुश्किल करून ठेवलं होतं, २०१४च्या दुरुस्तीनं ते थोडं सोपं झालं. मरण हा शत्रू असेल तर निदान त्याला सुखासुखी छळू द्यायचं नाही, हा यातला विचार मला पटतो.

एक प्रश्न मात्र या आशेला फार जड जातो, आणि तो आदिवासी घरातूनच येतो: आमचे पूर्वज कुठे? ज्यांच्या नावानं मोहाची धार जमिनीवर सोडत आलो, ज्यांनी येशूचं नावही ऐकलं नव्हतं, ते? काही प्रचारक याचं उत्तर खडसावून देतात. ते उत्तर मला क्रूर वाटतं, आणि ते एकमेव ख्रिस्ती उत्तरही नाही. रोमन कॅथलिक चर्चनं १९६४मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मान्य केलं, की ज्यांचा स्वतःचा काही दोष नसताना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधत राहिले, त्यांनाही तारण मिळू शकतं. इतर पंथांतही हा निवाडा देवावर सोडणारे आहेत. आजीला नरकात ढकलून नातवाला दिलेली आशा, ती कसली आशा?

आणि शेवटी जागेचा प्रश्न. पुरणं हे काही परदेशी नव्हे. लिंगायत पुरतात, गोसावी पुरतात, आपण लहान लेकरांना पुरतो. उलट कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती असूनही १९१९मध्ये त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं दहन झालं, आणि १९६३ पासून कॅथलिक चर्चही दहनाला मुभा देतं. उठवणाऱ्याला राखेची अडचण कशी असेल? मग भांडण आहे कशाचं? २०२५च्या जानेवारीत छत्तीसगडच्या बस्तरमध्ये एका ख्रिस्ती पास्टरचं शव सुमारे तीन आठवडे शवागारात पडून होतं, कारण त्याच्या गावात त्याला पुरू द्यायला विरोध होता. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली आणि अखेर वीसेक किलोमीटर दूरच्या दफनभूमीत जागा मिळाली. ज्या मातीत पूर्वज आहेत त्या मातीत वारसाला जागा नाही, हे वाचून मला धर्माचा नाही, शेजाराचा प्रश्न पडला.

पुनरुत्थान होईल की नाही, मला माहीत नाही. मेलेला माणूस खरोखर उठेल यावर माझा विश्वास बसत नाही, पण बसणाऱ्याचा हेवा मात्र वाटतो. तरी एवढं म्हणेन, की कुठल्याही धर्माची मरणोत्तर आशा तपासायची असेल तर मेलेला कुठे पोचला याची चौकशी करू नये. त्याच्या उशाशी शेवटच्या रात्री कोण बसलं होतं, त्याच्या मरणाचा आळ कोणावर आला, आणि त्याला खांदा द्यायला गावातले किती जण आले, ते विचारावं. तेवढं आपल्या हातात असतं.

असो. बाकी जाऊ तेव्हा कळेलच!