म्हातारा कुत्रा आणि माडीचा जिना

बेळगुंदीच्या बाजूची जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ती रचना ठाऊक आहे. जोत्याच्या दगडी पायऱ्या, मग सोपा, आणि सोप्याच्या कडेने माडीवर चढणारा अरुंद लाकडी जिना. घरचा कुत्रा वर्षानुवर्षे त्या जिन्याने धन्याच्या पाठोपाठ वर जातो आणि रात्री माडीच्या तोंडाशी पडून राहतो. पुढे एक दिवस असा येतो की, तो पहिल्या पायरीवर पाय ठेवतो, वर पाहतो, आणि पाय मागे घेऊन खालीच बसतो. घरची मंडळी म्हणतात, “आता आळशी झालाय.” कुणी म्हणते, “रुसलाय.” ही दोन्ही वाक्ये आम्ही अनेक घरी ऐकली आहेत, आणि बहुधा दोन्ही चुकीची असतात. कुत्र्याला जिना नको असतो तो दुखते म्हणून.

वय वाढले म्हणजे सांध्यांतील गुळगुळीत कूर्चा झिजते आणि हाडांच्या टोकांवर ताण येतो. माणसाच्या गुडघ्यांस जो विकार होतो तोच हा. फरक एवढाच की, आजोबा कण्हतात आणि कुत्रा कण्हत नाही. दुखणे लपविणे हा जनावराचा स्वभाव आहे. म्हणून ते त्याच्या वागण्यातून ओळखावे लागते. वर चढताना भार मागच्या पायांवर येतो, उतरताना पुढच्या पायांवर. चढायला जो कचरतो त्याचा खुबा किंवा मागचा गुडघा पाहावा. चढतो पण उतरायला घाबरतो, त्याचे पुढचे सांधे, आणि डोळेही. मोतीबिंदू झालेल्या कुत्र्याला पायरीची कड दिसत नाही, म्हणून तो दिवसा जातो पण संध्याकाळी अडतो. आमच्या सीमाभागात मुधोळच्या शिकारी कुत्र्यांची कीर्ती मोठी. टपाल खात्याने २००५ साली त्यांच्या चित्राचे तिकीटही काढले. वाऱ्यासारखे धावणाऱ्या त्या जातीलाही म्हातारपण चुकत नाही, मग आपल्या गावठी मोत्याची काय कथा!

मात्र प्रत्येक वेळी ‘वय झाले’ म्हणून स्वस्थ बसू नये. कुत्रा एकाएकी मागचे पाय ओढू लागला, पाय सुजला, अंग तापले, किंवा खाणे सुटले, तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. गोचिडांमुळे येणाऱ्या तापातही सांधे धरतात, आणि तो वेळीच उपचाराने बरा होतो. आमच्याकडे पावसाळ्यानंतर गोचिडांची काय गर्दी होते, हे सांगावयास नको.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हा मजकूर मुख्यतः लिहीत आहो ती सांगतो. ज्या गोळीने आजोबांची गुडघेदुखी थांबते, तिचाच अर्धा तुकडा भाकरीत लपवून कुत्र्याला देण्याची चाल अनेक घरी आहे. देणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण पाडते आणि मूत्रपिंडे निकामी करते. पॅरासिटामॉल जास्त झाले तर यकृत आणि रक्त दोन्ही बिघडवते. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक होते. सांध्यांना चोळण्याचा मलमही लावू नये, कारण कुत्रा तो चाटून काढतो. एका जिवाला मानवणारे औषध दुसऱ्याला कसे विष होते, याचा मोठा दाखला आपल्याच आकाशात आहे. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे या देशातून जवळजवळ नाहीशी झाली. कारण २००४ साली उजेडात आले, आणि २००६ साली सरकारने जनावरांसाठी ते औषध बनविण्यास बंदी केली. माणसांच्या औषधाच्या डब्यात मात्र ते अजून आहे.

मग घरी काय करावे? पुष्कळ करता येते, आणि त्यास पैसा फार लागत नाही. जोत्याच्या पायऱ्यांवर एक रुंद फळी टाकावी. एक फूट उंचीस निदान तीन फूट लांबी असावी, नाहीतर चढ फार होतो. फळीवर वीतभर अंतराने आडव्या पट्ट्या ठोकून वर गोणपाट घट्ट ताणून बसवावे. फळी हलता कामा नये. एकदा पाय घसरला की कुत्रा पुन्हा तिच्याकडे फिरकत नाही. प्रथम ती जमिनीवर सपाट ठेवून भाकरीच्या तुकड्याने त्याला तिच्यावरून चालवावे, मग हळूहळू टोक उचलावे.

शेणाने सारवलेल्या जमिनीवर म्हाताऱ्या कुत्र्याचा पाय कधी घसरत नसे. आता घरोघरी गुळगुळीत फरशी आली आहे. दिसते सुरेख, पण कुत्र्याला ती ओल्या शेवाळासारखी वाटते. त्याच्या नेहमीच्या वाटेवर पोती किंवा काथ्याची पायपुसणी अंथरावीत, वाढलेली नखे कापावीत, पायरीच्या कडेला चुन्याचा पांढरा पट्टा ओढावा आणि रात्री जिन्यापाशी दिवा ठेवावा. माडीवर नेणे भागच असेल तर जुन्या लुगड्याची घडी मागच्या पायांपुढे पोटाखालून घालून दोन्ही टोके हातात धरावी. अर्धा भार आपण घेतला की तो उरलेला आपणच चढतो. पुढचे पाय धरून कुत्र्यास कधीही उचलू नये. आणि खरे म्हणजे माडीचा हट्ट सोडून त्याचे घोंगडे खालीच, कोरड्या कोपऱ्यात घालावे. त्याला माडीचे कौतुक नसते. माणसांजवळ असावे एवढेच हवे असते.

चालणे बंद करू नये. एक लांब फेरी नको, पण दोन-तीन लहान फेऱ्या हव्यात. पडून राहिल्याने मांड्या सुकतात. वजनाकडेही पाहावे. उरलेला भात आणि रश्शाची हाडे खाऊन फुगलेला कुत्रा हा प्रेमाचा पुरावा आहे असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर जन्मापासून अखेरपर्यंत लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना चौथा हिस्सा अन्न कमी दिले त्यांचे मध्यम आयुष्य १३ वर्षे भरले, इतरांचे सुमारे ११. आणि त्यांच्या सांध्यांची झीजही उशिरा सुरू झाली.

काही ठिकाणी, राखणीस निरुपयोगी झाला म्हणून, म्हातारा कुत्रा गाडीत घालून दूरच्या फाट्यावर सोडून देतात. ज्याला जोत्याची पायरी चढवत नाही त्याने परक्या गावच्या कुत्र्यांपासून पळावे कसे? उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमान्वये गुन्हा आहे. पण कायद्याची भीती घालावी लागावी, अशी आमच्या वाचकांची घरे नाहीत.

डॉक्टरांकडे जाताना कुत्र्याचे वजन माहीत असावे, कारण कुत्र्यांसाठी असलेल्या वेदनाशामक औषधांचे प्रमाण वजनावरच ठरते. भाताची पोती तोलण्याच्या काट्यावर आधी त्याला उचलून घेऊन उभे राहावे, मग एकट्याने. वजाबाकी कागदावर लिहून न्यावी. तो कोणत्या वेळी अडतो, चढताना की उतरताना, आणि घरात कुणी कसली गोळी दिली होती काय, हेही त्याच कागदावर लिहावे.