जुने झाले, की जुने वाटले?

मागच्या पालक सभेनंतर नववीतल्या एका विद्यार्थ्याचे वडील आमच्या खोलीत आले. मामांनी परदेशातून आणलेला 'स्टीम डेक' मुलाजवळ आहे. "सर, हा जुना झाला, विकून दुसऱ्या कंपनीचा घेऊ, असा हट्ट धरून बसलाय. तुम्हीच समजवा त्याला." आम्ही हिंदी माध्यमाचे पदवीधर, खेळांच्या यंत्रांतले आम्हांला काय कळणार! तेव्हा मुलालाच बोलावले आणि त्याच्याकडून शिकवणी घेतली.

स्टीम डेक म्हणजे हातात धरून खेळायचा संगणकच. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने तो फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आणला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुधारलेली ओलेड आवृत्ती आली. पडदा ७ इंचांचा ७.४ इंच झाला, चित्र सेकंदाला ६० ऐवजी ९० वेळा बदलू लागले, बॅटरी ४० वॉट-तासांवरून ५० वर गेली. मुख्य चिप ७ ऐवजी ६ नॅनोमीटर पद्धतीने बनवली, त्यामुळे ती वीज कमी खाते. वेग मात्र जवळपास तोच राहिला. मुलाची तक्रार नेमकी इथेच आहे. असूसचा 'आरओजी अ‍ॅलाय' २०२३ मध्येच याहून वेगवान होता आणि अलीकडचे मोठे खेळ डेकवर अडखळतात. त्याचे म्हणणे खोटे नाही.

पण विद्यार्थी मित्रांनो, इथे आठवीचे गणित करून पाहा. यंत्र एकूण २० वॉट वीज घेत असेल, तर ४० वॉट-तासांची बॅटरी २ तास चालेल. वेगासाठी ४० वॉट घेतले, तर १ तासच. बॅटरी मोठी करावी, तर वजन वाढते. पहिला डेकच ६६९ ग्रॅमचा आहे. म्हणून तेवढ्याच विजेत बराच जास्त वेग देणारी चिप मिळेपर्यंत नवे मॉडेल काढण्यात अर्थ नाही, असे आमचे मत झाले. कंपनीनेही २०२४ मध्ये हेच सांगितले होते: दरवर्षी नवे मॉडेल नाही, बॅटरीचा वेळ न घटवता मोठी झेप घेता येईल तेव्हाच पुढचा डेक.

मग आम्ही मुलाला विचारले, "तुझ्या यंत्राला नक्की झाले काय?" दोनच गोष्टी निघाल्या. डावी कांडी आपोआप सरकते आणि जागा भरली आहे. या यंत्राची कांडी, पंखा, साठवणीची एसएसडी बदलता येते, सुटे भागही विकत मिळतात. बॅटरी चिकटवलेली असल्याने तेवढी अवघड. जेल रोडवरच्या एका कारागिराने कांडी बदलून दिली, जागेसाठी एक मेमरी कार्ड घातले. त्याचा आवडता नवा खेळ आजही अडखळतो, हेही सांगितले पाहिजे. तेवढ्यासाठी थांबायला तो तयार झाला.

आता आमची स्वतःची गोष्ट. संगणक कक्षातले सर्व संगणक यंदा बदलावेत, असा प्रस्ताव आम्हीच विश्वस्त मंडळापुढे ठेवला होता. कारण काय लिहिले होते? "जुने झाले आहेत." मुलाला जो प्रश्न विचारला, तो आम्ही स्वतःला विचारलाच नव्हता. म्हणून तो प्रस्ताव आम्ही मागे घेत आहोत. आधी प्रत्येक संगणक तपासू. कुठे मेमरी कमी आहे, कुठे हार्ड डिस्क मंद आहे, कुठे खरोखरच काही उरलेले नाही, याची यादी करू आणि मगच मागणी करू. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिप महागल्या, तेव्हा तिथेही हिशेब चोख लागेल. वाचलेला पैसा पालकांचाच आहे.

यादीच्या कामात नववीच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही सोबत घेतले आहे. शिकवणीची फी त्याने अजून मागितलेली नाही!