अठरा तास आणि २८२ गुण

गेल्या एप्रिलात जयंतीच्या निमित्ताने आमच्या विहारात सलग अठरा तास अभ्यासाचा कार्यक्रम झाला. पहाटे सहाला त्रिशरण-पंचशील घेऊन मुले बसली, ती रात्री बाराला उठली. मधे दोन वेळा जेवण, दोन वेळा चहा. एकेचाळीस मुले-मुली होती. संयोजकांत आमचे नाव होते. बॅनरवर ते जरा ठळकच छापले होते, हेही सांगून टाकतो.

शेवटपर्यंत टिकलेल्या सव्वीस जणांचा गुलाबपुष्प देऊन सत्कार झाला. त्यांत नुकतीच दहावीची परीक्षा दिलेला एक मुलगा होता. वडील कारखान्यात कंत्राटी कामगार, आई चार घरी पोळ्या लाटते. त्या माउलीला आम्ही व्यासपीठावर बोलावले आणि माइकवरून म्हणालो, "ताई, हा तुमचा मुलगा बाबासाहेबांचे नाव काढणार!" टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांचे पुढे काय झाले, ते आज लिहायचे आहे.

मे महिन्यात निकाल लागला. मुलाला चोपन्न टक्के पडले. दुपारी मोबाइलवर निकाल पाहून तो "झेरॉक्स काढून येतो" म्हणून घराबाहेर पडला, तो रात्री नऊ वाजले तरी परत नाही. फोन बंद. आई आमच्या दारात येऊन उभी राहिली. "भाऊ, पोरगं कुठं गेलं हो?" एवढेच ती विचारत होती. आम्ही चौघे-पाचजण दोन मोटारसायकलींवरून निघालो. मित्रांची घरे झाली, खाडीचा पूल झाला, पोलीस चौकी झाली. त्या दोन-तीन तासांत आमच्या मनात काय काय येऊन गेले, ते लिहवत नाही.

मुलगा कल्याण स्टेशनात फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसला होता. तो आम्हाला सापडला नाही. सापडला तो आमच्याच वस्तीतल्या एका तरुणाला. हा तरुण रसायनशास्त्रात पीएच.डी. करतो आणि प्रयोगशाळेतून रोज उशिराच्या लोकलने परततो. त्याने घरी फोन केला, "सापडलाय. आणतो. घाई करू नका." आणि तासभर त्याच बाकावर त्याच्या शेजारी बसून राहिला. साडेबाराला दोघे वस्तीत आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. बराच वेळ तो काही बोलेना. मग म्हणाला, "काका, अठरा तास बसलो होतो ना? तरी चोपन्नच. आता विहारात कसा येऊ?" आणि थोड्या वेळाने, "खरं सांगू? दुपारनंतर काही वाचलंच नव्हतं. सगळे बघत होते म्हणून पानं उलटत होतो."

आम्ही त्याला आमच्या घरी नेले आणि कपाटातले धनंजय कीरांचे बाबासाहेबांचे चरित्र काढून दिले. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. मुलाने मोबाइलवर भागाकार केला. ३७.६ टक्के. विश्वास बसेना म्हणून पुन्हा केला. मग त्याने आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "मग हे एप्रिलात माइकवर का नाही सांगितलं?"

वाचकहो, आम्ही वीस वर्षे चळवळीत भाषणे करीत आहोत. या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

खरे कारण असे, की २८२ हा आकडा सांगायला आम्हाला संकोच वाटतो. वास्तविक त्या आकड्यात संकोचण्यासारखे काय आहे? अस्पृश्य घरातला सोळा वर्षांचा मुलगा मॅट्रिक झाला, ही त्या काळी एवढी मोठी गोष्ट होती, की सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा भरली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. ३७ टक्क्यांच्या मुलाच्या हाती त्या दिवशी पडलेल्या पुस्तकाने पुढे काय घडवले, ते या पानाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. त्या सभेत कोणी त्याला टक्केवारी विचारली असेल असे आम्हाला वाटत नाही.

परळच्या चाळीतल्या त्या एका खोलीची हकिकतही आपण अर्धीच सांगतो. उशाशी जाते, पायथ्याशी शेळी आणि पहाटे दोनला उठून अभ्यास, हे सर्वांना पाठ आहे. पण दोन वाजेपर्यंत सुभेदार रामजी स्वतः जागे राहत, मुलाला उठवीत आणि मगच झोपत. पुस्तकांना पैसे नसले की लेकींकडे जाऊन त्यांचे दागिने गहाण ठेवायला मागून आणीत. मुलाच्या जागरणातला वाटा बापाने उचलला होता. आज आमच्यापैकी किती बाप मुलाला "अभ्यास कर" म्हणून ओरडून स्वतः मालिका बघत बसतात, हे ज्याने त्याने ठरवावे. आमच्या घरीही टी.व्ही. आहे.

आणि ते अठरा तास? ते न्यूयॉर्क-लंडनच्या ग्रंथालयांतले, पंचविशी-तिशीच्या माणसाचे, स्वतः निवडलेल्या विषयाचे. ते सोळा वर्षांच्या पोराच्या मानेवर चारचौघांसमोर ठेवायचे जोखड नव्हे.

मुलांवर आधीच ओझे थोडे नाही. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला सुमारे २४ लाख मुलांनी नाव नोंदवले आणि एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाच्या थोड्या वर. आम्ही बी.कॉम. असलो तरी एवढे गणित आम्हालाही येते. बाकीच्या बावीस-तेवीस लाखांत कोणीच अभ्यास केला नव्हता काय? त्या परीक्षेच्या शिकवण्यांसाठी घरोघर कर्जे काढली जातात. राजस्थानातल्या कोट्यात २०२३ साली वीसहून अधिक मुलांनी आपले जीवन संपवले. तेव्हा प्रशासनाने वसतिगृहांतल्या पंख्यांना स्प्रिंगा बसवण्याचा हुकूम काढला. पंख्याचा बंदोबस्त झाला, मुलाच्या वेळापत्रकाचे काय? २०२४ च्या जानेवारीत केंद्र सरकारने सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती पाळली जातात की नाही, हे आपापल्या नाक्यावरच्या क्लासचा फलक वाचून पाहावे. २०२२ साली देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थी आत्महत्येने गेले आणि राज्यवार यादीत महाराष्ट्र पहिला होता.

दहावी-बारावीचा घाट चढला की पुढे सपाटी लागते, अशी आमची समजूत होती. ती त्या पीएच.डी.च्या तरुणाने मोडली. फलाटावर तासभर तू त्या मुलाशी काय बोललास, असे आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, "त्याचं काही विचारलं नाही. माझंच सांगितलं. आठ महिने फेलोशिप आलेली नाही, हे मी अजून घरी सांगितलेलं नाही."

आम्ही थक्क झालो. कारण यालाही आम्ही दरवर्षी व्यासपीठावर उभे करतो, "आमचा शास्त्रज्ञ" म्हणून. शास्त्रज्ञाचा दिनक्रम त्या रात्री प्रथम ऐकला. यंत्रावर पाळी मिळते ती बहुधा रात्री. जी अभिक्रिया परदेशी नियतकालिकात ऐंशी टक्के उत्पादन देते म्हणून छापलेली असते, ती याच्या हाती दहा टक्क्यांवर येत नाही. का येत नाही, हे शोधण्यात पाच महिने गेले. "खरं विज्ञान तेच आहे काका, पण त्या पाच महिन्यांचा पेपर होत नाही." आणि पेपर नाही म्हणजे मार्गदर्शकाच्या कपाळाला आठी. एखादा नको असलेला बिंदू आलेखातून गाळावा, असा मोह होतो का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "होतो. रात्री दोनला फार होतो."

हा मोह एकट्या त्याचा नाही. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम होता. त्यातून पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. २०१८ च्या मे महिन्यात आयोगाने आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एकदम काढून टाकली. २०२२ च्या नव्या विनियमांत ती सक्तीही गेली. पण नियम गेला तरी नोकरीच्या मुलाखतीत "पेपर किती?" हा प्रश्न राहिलाच. दडपणाने माणूस मोडतो तसे विज्ञानही बिघडते, हे आम्हाला त्या रात्री कळले.

इथेही आमच्याजवळ एक गोष्ट होती, जी आम्ही कधी माइकवर सांगितली नाही. बाबासाहेबांचा 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध लंडनच्या परीक्षकांनी १९२३ साली पुन्हा लिहून आणायला सांगितला. त्याआधी १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते आणि पुस्तकांची पेटी ज्या बोटीत होती ती बोट बुडाली होती. आता प्रबंध परत आला तेव्हाही जवळचे पैसे संपले होते. ते मुंबईला आले, इथे बसून प्रबंध नव्याने लिहिला, लंडनला पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. झाले. आम्ही हे सांगितले तेव्हा तरुण हसला. "माझा पेपर दोनदा परत आलाय," म्हणाला.

राहिली फेलोशिप. २०२३ च्या जानेवारीपासून कनिष्ठ संशोधकाला महिना ३७,००० रुपये ठरले आहेत, पण दर महिन्याला विद्यापीठातून हजेरीची पुष्टी पुढे गेली तर. पुष्टी करणारा कारकून रजेवर असला की तीनशे मैलांवरच्या घराची चूल अडते. आम्ही स्वतः कारकून आहोत. फाइल टेबलावर का पडून राहते हे आम्हाला आतून ठाऊक आहे. दहातल्या आठ वेळा त्यात कपट नसते, पण पलीकडे कोणाची तरी रात्र चालली आहे हे टेबलाला दिसत नाही. उरलेल्या दोन वेळांविषयी या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. हैदराबादच्या रोहित वेमुलाची सात महिन्यांची फेलोशिप थकली होती, हे आपल्याला २०१६ च्या जानेवारीत कळले, तो गेल्यावर. २०२३ साली आपल्याच राज्यातली संशोधक मुले-मुली फेलोशिपसाठी आझाद मैदानात बसली होती. ग्रंथालयातले दिवस मैदानात गेले.

गेल्या रविवारी विहार समितीची बैठक झाली. पुढच्या एप्रिलात अभ्यासाचा कार्यक्रम करावा, पण रात्री नऊला दिवे मालवावेत आणि सत्कार कोणाचाच करू नये, असा ठराव आम्ही मांडला. दोघा ज्येष्ठांनी "परंपरा मोडता" म्हणून कडाडून विरोध केला. चर्चा तापली. ठराव सात विरुद्ध चार असा झाला. विहाराच्या फलकावर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांकही लिहिला आहे. २०२२ पासूनची ही सरकारी सेवा आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. पहिल्याच दिवशी एका बाईंनी तो आपल्या वहीत उतरवून घेतला. कोणासाठी, ते आम्ही विचारले नाही.

मुलाने अकरावीला वाणिज्य शाखा घेतली आहे. संध्याकाळी अभ्यासिकेत येतो, साडेआठला उठून जातो. परवा कीरांचे पुस्तक परत मागितले, तर "अजून लंडनपर्यंतच आलोय" म्हणाला.

पीएच.डी.च्या तरुणाने घरी सांगून टाकले. वडील दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी पतपेढीतून काढलेले दहा हजार त्याच्या हाती ठेवले. आठांपैकी दोन महिन्यांचे पैसे आले आहेत, सहा बाकी आहेत. येत्या मंगळवारी आम्ही रजा टाकली आहे. त्याच्या अर्जांच्या पोचपावत्या घेऊन त्या टेबलापर्यंत त्याच्याबरोबर जाऊन येणार आहोत.