अफू म्हणावी काय?

गेल्या महिन्यात दापोडीस एका ख्रिस्ती कुटुंबात समाचारास जाण्याचा प्रसंग आम्हांस आला. घरातील कर्ता मुलगा गेला होता. परतताना हॅरिस पुलावर आमचे एक विद्वान स्नेही म्हणाले, "ह्यांचा धर्म म्हणजे दुःखावरची अफू! पंडिता रमाबाईंचे तरी दुसरे काय झाले? आईबाप गेले, भाऊ गेला, पती गेला. खचलेल्या बाईने येशूचे पाय धरले."

हे मत त्यांच्या एकट्याचे असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु बैठकीबैठकींतून ते शहाणपण म्हणून खपते.

रमाबाईंचे आईवडील व बहीण १८७४ च्या सुमारास दुष्काळात उपासमारीने गेली. त्या भुकेने त्यांस ख्रिस्ती केले नाही. पती वारले फेब्रुवारी १८८२ मध्ये. बाप्तिस्मा झाला सप्टेंबर १८८३ मध्ये, इंग्लंडात. अंतर थोडे, हे कबूल. पण त्या अंतरात बाईंनी काय केले? पुण्यास आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिली, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. खचलेल्या माणसाची ही लक्षणे असतील, तर आमच्या स्नेह्यांनी थोडे खचून पाहावे! त्यांचे मन वळले ते, त्यांच्याच निवेदनाप्रमाणे, लंडनजवळ फुलहॅम येथे, पतित मानलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या भगिनी पाहून. (१८९३ च्या शारदा सदनाच्या वादात बाईंची प्रत्येक कृती आम्ही उचलून धरतो असे नव्हे; तो प्रश्न निराळा.)

अफूने माणूस निजतो. १८९७ च्या दुष्काळात मात्र हीच बाई मध्यप्रांतात गेली. जी भूक तिने लहानपणी भोगली होती, तिच्याच तोंडातून तिने शेकडो मुली व विधवा सोडवून आणल्या आणि केडगावास 'मुक्ती' उभी केली.

आता दुसऱ्या पक्षासही दोन शब्द. "देवाने परीक्षा पाहिली," असे शोकाकुल आईस सांगणारे उपदेशक त्या घरीही होतेच. त्यांनी आपलाच ईयोबाचा ग्रंथ पुन्हा वाचावा. दुःखाची कारणे चोख सांगणाऱ्या मित्रांवरच तेथे देवाचा कोप होतो. तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. वधस्तंभावर ख्रिस्ताने स्वतः 'का?' विचारले, आणि त्या घटकेस आकाशातून उत्तर आले असे शुभवर्तमान सांगत नाही. ख्रिस्ती आशा दुःखाचा हिशेब मांडते, हा समज दोन्ही पक्षांचा, आणि दोन्हीकडे सारखाच खोटा. तिचे म्हणणे एवढेच की, दुःखितास देवाने टाकलेले नाही. तेव्हा माणसांनीही टाकू नये.

जुलै १८२१ च्या शंभर वर्षांनंतर, म्हणजे जुलै १९२१ मध्ये, रमाबाईंची एकुलती कन्या मनोरमा गेली. बाईंनी बायबलच्या भाषांतराचे काम सोडले नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या.

दापोडीच्या त्या माउलीने आमच्यादेखत दोनदा विचारले, "माझाच का?" कोणी बोलले नाही. मग ती उठली आणि शेजारच्या पांगळ्या म्हातारीस पेज घेऊन गेली. दुपार टळत आली होती, आणि ती उपाशी असे.